चूल कोणी फुंकायची?

वाई सोडून पसरणीचा घाट चढायला लागलं की पाचगणीपर्यंत आणि तिथून पुढे थेट महाबळेश्वरपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्यांवर एकच जाहिरात वेगवेगळ्या रंगांत दिसते. चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, आता तर चुलीवरचा चहासुद्धा. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं त्यासाठी चार पैसे जास्त मोजतात आणि तृप्त होऊन उठतात. धंदा म्हणून यात वावगं काही नाही. तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवली की तिला येणारी खरपूस चव खोटी नसते. खटकतं ते असं की या चवीबरोबर एक इतिहासही विकला जातो आणि तो अर्धाच असतो. त्यात आजीचा हात असतो, आजीचा खोकला नसतो. चुलीतला जाळ असतो, पण जाळासाठी डोक्यावरून आणलेली मोळी नसते. घरातल्या स्वयंपाकघराचा इतिहास आपण चवीच्या अंगाने सांगत आलो. तो कष्टाच्या अंगाने सांगायला हवा. तसा सांगितला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. हे काम हलकं झालं ते घरातल्या कुणाला दया आली म्हणून क्वचितच. रस्ता, नळ, गिरणी आणि गॅस या बाहेरच्या गोष्टी दारापर्यंत आल्या तेव्हाच ते झालं, आणि ज्या दारापर्यंत त्या आल्या नाहीत तिथे आजही झालेलं नाही.

हे पाहायला महाबळेश्वरसारखी जागा नाही, कारण इथे दोन अगदी वेगळ्या जातीची स्वयंपाकघरं शंभरावर वर्षं एकाच डोंगरावर शेजारी नांदली. 1824 साली लॉडविक हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी हा डोंगर चढून आला. पुढच्या चार-पाच वर्षांत मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला, बदल्यात खंडाळा हे गाव दिलं आणि माल्कमपेठ वसवली. उन्हाळ्यात मुंबई सरकार कचेरीसकट वर येऊ लागलं, मागोमाग धनिक पारशी आणि संस्थानिक आले, जांभ्या दगडाचे बंगले उठले. या पद्धतीच्या बंगल्यांची ठेवण पाहण्यासारखी असते. दिवाणखाना दरीकडे तोंड करून, पुढे ऐसपैस व्हरांडा, आणि स्वयंपाकघर मुख्य घरात नाहीच. ते मागच्या अंगाला, नोकरांच्या खोल्यांना लागून, फार तर छप्पर घातलेल्या वाटेनं जोडलेलं. धूर, धग, वास आणि आगीची भीती या चारही गोष्टी मालकांपासून हातभर लांब ठेवण्याची ती सोय होती. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी 1888 साली हिंदुस्थानातल्या मडमांसाठी घरव्यवस्थेचा एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात मालकिणीचं काम म्हणून जे सांगितलं आहे ते मुख्यतः देखरेखीचं आहे: रोज स्वयंपाकघराची पाहणी करा, कोठीतलं सामान मोजून द्या, हिशेब लिहा. चुलीपुढे बसायला खानसामा होता, पाणी भरायला भिस्ती होता. टेबलावर लागणारे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवण्यात तर मलाक्का-सिंगापूरकडून इथल्या तुरुंगात आणलेल्या चिनी कैद्यांचा हात होता. तो तुरुंग 1864 साली बंद झाला. म्हणजे बाईचे कष्ट वाचवणारं स्वयंपाकघर महाबळेश्वरात दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच आलं होतं. फक्त तिथला धूर कमी झालेला नव्हता, तो पगारी माणसाच्या डोळ्यांत गेला होता.

दुसरं स्वयंपाकघर बंगल्यांच्या खालच्या उतारांवर, कुळवाडी, कोळी, धनगर, धावड यांच्या वाड्यांमध्ये होतं. तिथे स्वयंपाकासाठी वेगळी खोली असणं हीच चैन होती. एका कोपऱ्यात मातीची चूल, तिला जोडून वैल, म्हणजे मुख्य जाळावर भाकरी होत असताना उरलेल्या धगीवर कालवण रटरटत ठेवायची जागा. शेजारी फुंकणी आणि चिमटा, वर माळा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बंगलेवाले जूनमध्ये भिंतींना गवताचे तट्टे बांधून खाली निघून जात. वाडीतल्या माणसाला जायला जागा नव्हती. त्यामुळे उन्हाळ्यातच पावसाळ्याची बेगमी करावी लागे: नाचणी-वरी कणगीत, मिरची-मीठ मडक्यात आणि लाकूडफाटा घरात जिथे मावेल तिथे. तरी श्रावणापर्यंत सरपण सादळायचंच. ओलं लाकूड पेटत नाही, धुमसतं. पाऊस आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद, आणि त्या कोंडलेल्या घरात फुंकणीला तोंड लावून बसलेली बाई, मांडीवर किंवा पाठीशी तान्हं मूल. चुलीवरच्या चवीचं वर्णन करणाऱ्या लेखनात हा श्रावण सहसा येत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. धूर निव्वळ शत्रू नव्हता. त्याने छपराचं गवत आणि बांबू किडीपासून वाचत, माळ्यावरचं धान्य आणि बी-बियाणं कोरडं राही, डास पळत, आणि कडाक्याच्या गारठ्यात घरात ऊब असे. हे सगळं खरं आहे, आणि ज्यांनी ही घरं बांधली ती माणसं अडाणी नव्हती हे त्यातून दिसतंही. पण या फायद्याची किंमत कोण चुकवत होतं, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. छप्पर सगळ्या घराचं वाचत होतं, फुप्फुसं मात्र एकीचीच खराब होत होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधले पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसविकाराचा आढावा घेतला. जगाचा विचार करता लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांचा धूर हे या रोगाचं विडीकाडीपेक्षाही मोठं कारण असू शकेल, असं त्यांनी त्यात मांडलं. घरातल्या धुरामुळे जगात 2020 साली सुमारे 32 लाख माणसं दगावल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांचा 'जुनाट दमा' या नावाखाली खपून गेलेला आजार चुलीपाशी सुरू झाला होता, असं म्हटलं तर छातीच्या कुठल्याच डॉक्टरला नवल वाटणार नाही.

चुलीच्या आधी जातं होतं. भाकरी थापायची तर पीठ हवं, आणि पीठ हवं तर पहाटे कोंबडा आरवायच्या आत उठायला हवं. सातारा-सांगलीच्या इतिहासात या बाबतीत एक बोलकी विसंगती आहे. 1910 साली औंध संस्थानच्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, किर्लोस्करवाडी वसली, आणि तिथून लोखंडी नांगर व कडबा कापायची यंत्रं गावोगाव गेली. नांगर लोखंडी झाला, बैलाच्या कडब्यासाठीही यंत्र आलं. घरातलं जातं पुढे कित्येक वर्षं दगडीच राहिलं आणि ते फिरवणारा हातही तोच राहिला. यात किर्लोस्करांचा दोष नाही. शेतकरी ज्या वस्तूला पैसे द्यायला तयार होता ती त्यांनी बनवली. नांगराने पीक वाढतं ते बाजारात दिसतं, दळणात वाचलेले दोन तास कुठल्याच बाजारात विकले जात नाहीत, म्हणून त्यावर घरचा पैसा शेवटी खर्च होतो. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा मात्र बायकांनी जातं ज्या वेगाने सोडलं तो वेग पाहण्यासारखा आहे. सुधारकांना प्रचार करावा लागला नाही. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन मैलभर चालणंही जात्यापेक्षा बरं, हा निकाल त्यांनी स्वतःच दिला.

जातं गेलं तशा ओव्या गेल्या, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. तीही समजण्यासारखी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी 1980च्या दशकापासून सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या आणि मराठी बाईचं मन समजून घ्यायला त्याहून मोठा ठेवा नाही. पण त्या ओव्यांमध्ये सासुरवासाची, एकटेपणाची, थकव्याची कहाणी जागोजाग आहे. गाणाऱ्यांनी कष्टाचं कौतुक केलं नाही, कष्ट सोसता यावेत म्हणून गाणं धरलं. ओव्या जपाव्यात, छापाव्यात, शाळेत शिकवाव्यात. त्यासाठी कुणी पहाटे चारला दळत बसावं असं म्हणण्याचा हक्क दळणाऱ्याशिवाय कुणालाच नाही.

पाण्याची गोष्ट आणखी टोचणारी. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. याच डोंगरात वर्षाकाठी एवढा पाऊस पडतो आणि याच डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत हंडे-कळशा घेऊन झऱ्याच्या वाटा तुडवाव्या लागतात, कारण जांभा खडक पाणी धरून ठेवत नाही आणि उतारावरून ते धावत खाली जातं. खाली गेलेलं पाणी अडवलं ते कोयनेला. 1962 साली पोफळीचं वीजघर सुरू झालं, मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना आणि घरांना वीज मिळाली. शिवसागर जलाशयाने मात्र तापोळ्याच्या परिसरातल्या आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातल्या कित्येक गावांची शिवारं, घरं आणि अर्थातच चुलीही पोटात घेतल्या. शहरातल्या ओट्यावर मिक्सर फिरू लागला त्या विजेचा उगम जिथे आहे, तिथल्या घरात स्वयंपाक पुढे बराच काळ कंदिलाच्या उजेडात होत राहिला. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघरं सार्वजनिक कामांनी बदलतात, आणि ती कामं कुणाच्या दारातून जातील हे ठरवताना डोंगरातल्या बाईला कुणी विचारत नाही, एवढाच मुद्दा आहे.

डोंगराखालच्या मध्यमवर्गीय घरांत या काळात काय झालं ते तर बहुतेक वाचकांच्या घरातलंच आहे. आधी रॉकेलचा स्टो, मग ओटा. बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. कुकर आला, मग गॅस. किर्लोस्करवाडीहून 1930 साली निघालेल्या 'स्त्री' मासिकाने घरकामाला छापील चर्चेचा विषय केलं. कुंडलच्याच कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि त्याने पदार्थांची मापं वाटी-चमच्यात सांगितली. ही बाब दिसते तेवढी लहान नाही. सासूच्या 'अंदाजाने घाल' या हुकमावर चालणारं ज्ञान कुणाही मुलीला, आणि मनात आणलं तर मुलालाही, पुस्तक उघडून घेता येईल असं झालं. इथे अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 साली मांडलेला आक्षेप आठवतो. यंत्रं आली म्हणून बाईचे तास कमी झाले नाहीत, उलट अपेक्षा वाढल्या, पूर्वी नोकर, मुलं आणि पुरुष करायचे ती कामंही तिच्याकडे आली, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडेही तसंच घडलं. एक कालवण आणि भाकरी यावर भागणाऱ्या घरात कुकर आल्यावर वरण, भात, भाजी, कोशिंबीर, पोळी आणि रविवारी काहीतरी 'वेगळं' हवं झालं. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळवापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं आला, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा 97. शिवाय अशी कामं करणारे पुरुष मुळात चारांतला एकच.

तेव्हा गॅस आणि नळ आले की प्रश्न सुटला, असा दावा कुणी करू नये. तरीही कोवन यांच्या म्हणण्यावरून 'मग जुनी चूलच काय वाईट' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. वेळ तेवढाच लागला तरी लाकूड फोडणं, हंडे वाहणं आणि धूर गिळणं यातून सुटका झाली, म्हणजे शरीराची झीज थांबली. ती सुटका झाल्यावरच कामाच्या वाटणीचं भांडण नीट भांडता येतं. आणि ही वाटणी बदलता येत नाही असंही नाही. त्याचा दाखला साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली इथे बोर्डिंग सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली आणि स्वावलंबन हे ब्रीद असल्याने घरकाम मुलांनाही चुकलं नाही. कुणी कुणाच्या हातचं खायचं हे ज्या काळात जात ठरवत होती त्या काळात हे घडलं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं, ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. ती सार्वजनिक स्वयंपाकघराला सरकारचा किंवा समाजाचा पैसा वेळेवर न मिळाल्याचीही गोष्ट आहे, हे सांगायचं राहून जातं.

चूल ठेवून धूर तेवढा घालवावा, असाही एक प्रयत्न झाला. 1983 साली केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 2002च्या सुमारास तो गुंडाळला. आपल्या जिल्ह्यात फलटणला काम करणाऱ्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे आनंद कर्वे, प्रियदर्शिनी कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, या विषयात मोलाचं काम केलं. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या त्यांच्या तंत्राला 2002 साली ब्रिटनचं अ‍ॅशडेन पारितोषिकही मिळालं. पण देशपातळीवर कोट्यवधी चुली कागदावर बसल्या आणि घरात टिकल्या नाहीत. धुराडं साफ करायचं कुणी, घरातलं मोठं भगुणं तोंडावर बसत नाही, भाकरी शेकायला पुढे निखारे ओढता येत नाहीत, असल्या साध्या अडचणींवर योजना अडली. चूल वापरणारीला आराखड्याच्या वेळी विचारलं असतं तर या अडचणी पहिल्या दिवशी कळल्या असत्या. मग 1 मे 2016ला केंद्राची उज्ज्वला योजना आली, गॅसजोडण्या झपाट्याने वाढल्या. पण 2023-24 सालीही उज्ज्वलाच्या घराने वर्षाला सरासरी चारपेक्षा कमी सिलिंडर घेतले, आणि तेवढ्यात एका कुटुंबाचं वर्ष निघत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं देशात 58.6 टक्केच भरली. डोंगरी वाडीत गॅस चहापुरता आणि पाहुणा आला तर. भाकरी, अंघोळीचं पाणी आणि जनावरांचं आंबोण यांसाठी चूल पेटतेच. सिलिंडर घ्यायला रोख पैसे लागतात, मोळीला फक्त बाईची सकाळ लागते, आणि त्या सकाळीला मोल नाही असं घर धरून चालतं.

या मांडणीवर हॉटेलवाले म्हणतील, आमच्या चुलीवर स्थानिक बायकांना रोजगार मिळतो. मिळतो, आणि तो हवाच. उलट वाडीतल्या बाईला चुलीपुढे बसण्याची पहिल्यांदा मजुरी मिळतेय ही त्यातली चांगली बाजू. मग त्या कामाला कामासारखं वागवा: वर धुराडं, मागेपुढे वारा, बसायला नीट जागा, पाळी ठरलेली. 2001 साली महाबळेश्वर-पाचगणी पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आहे. जंगल राखायचं म्हणून एकेकाळी इथल्या धावडांच्या लोखंड गाळायच्या भट्ट्या विझल्या, आजही वाडीतल्या बाईच्या मोळीकडे संशयाने पाहिलं जातं. तोच डोंगर रोज पर्यटकांच्या भाकरीसाठी किती लाकूड पुरवतो, हे हॉटेलवाल्यांनाही विचारायला हवं.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचंही नाही. 2016पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत किमान 25 चौरस मीटरच्या घरात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. पण चार महिने कोसळणाऱ्या पावसात सरपण कोरडं कुठे ठेवायचं, न्हाणीचं पाणी कशावर तापवायचं, याचं उत्तर कोरेगावच्या सपाटीवर आणि तापोळ्याच्या उतारावर सारखं असू शकत नाही. डोंगरी वाड्यांसाठी घरकुलाबरोबर धुराडं असलेली न्हाणीची वेगळी चूल आणि पत्र्याची सरपणशेड द्यावी; मेअखेर, रस्ते खचायच्या आत, प्रत्येक उज्ज्वला घरात दुसरं भरलेलं सिलिंडर अर्ध्या किमतीत पोहोचवावं; जिथे झरा वाडीच्या वर आहे तिथे मोटारीशिवाय उताराने पाणी आणणारी नळयोजना आधी करावी. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न येईलच. महाबळेश्वरच्या नाक्यावर पर्यटकांच्या गाड्यांकडून प्रवासी कर घेतला जातो. तो नगरपरिषदेचा आहे आणि वाड्या तिच्या हद्दीबाहेर आहेत, ही अडचण मान्य. पण ज्या डोंगराचं पाणी, लाकूड आणि आता चूलसुद्धा पर्यटनाच्या कामी येते, तिथे हद्दीपलीकडच्या वाड्यांसाठी त्या कराचा एक वाटा वेगळा काढायची वाट शासनाला एका निर्णयात मोकळी करता येईल, आणि जूनपूर्वी सिलिंडर पोहोचवायचे तर तो निर्णय उन्हाळी हंगाम सुरू होण्याआधीच व्हायला हवा.